‘पोरींना रस्ते कळत नाहीत’ म्हणे!

पहिल्या वर्षाला रत्नागिरीत आले तेव्हा रेल्वे स्टेशनवरून मांडवीला कसं जायचं, हे मी दोघांना विचारलं होतं. वर्गातल्या मैत्रिणीने सांगितलं, ‘‘कुवारबाववरून निघालीस की साळवी स्टॉप लागेल, मग मारुती मंदिरचं सर्कल, मग माळनाका, मग जयस्तंभ. तिथून एसटी स्टँड आलं की कुणालाही विचार.’’ तिच्या भावाने सांगितलं, ‘‘एवढं काय त्यात? समुद्र पश्चिमेला. मोठा रस्ता सोडू नको, पश्चिमेला उतरत राहा. जमीन संपली की मांडवी.’’

मी दोघांचंही ऐकलं आणि स्कूटी घेऊन थेट भाट्याच्या पुलावर जाऊन पोचले.

त्या संध्याकाळी ग्रुपवर जी काही थट्टा झाली, तिचा सारांश एका वाक्यात : ‘पोरींना रस्ते कळतच नाहीत, हार्मोन्सच तसे असतात.’ एकाने तर कुठलासा रील टाकला. बायकांचा मेंदू डावं-उजवं ओळखत नाही, हे ‘सायन्सने सिद्ध’ झालंय म्हणे. मीही तेव्हा हसले, इमोजी टाकला आणि विषय संपवला. पुढे झूऑलॉजी घेतल्यावर मात्र ते वाक्य डोक्यात परत आलं. म्हटलं, बघू तरी सायन्स काय म्हणतंय ते. बघितलं, तर खरा किस्सा रीलपेक्षा खूप जास्त मजेशीर निघाला. आणि त्यात माझ्या मैत्रिणीची खुणांची यादी आणि तिच्या भावाची पश्चिम दिशा, दोन्ही जशीच्या तशी सापडली. फक्त तिथे रस्ता शोधत होते उंदीर.

दुधाळ पाण्यातला उंदीर

आधी एक उपकरण समजून घेऊ, कारण या विषयातले बरेचसे प्रयोग त्याच्याभोवती फिरतात. १९८१ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात रिचर्ड मॉरिस यांनी एक गोल टाकी घेतली, तिच्यात पाणी भरलं आणि त्यात दूध मिसळून ते गढूळ केलं. पाण्याच्या जरासं खाली एक छोटा चौथरा लपवला. उंदराला पाण्यात सोडलं की तो पोहतो, पण पोहत राहणं काही त्याला आवडत नाही. फिरता फिरता कधीतरी पायाला चौथरा लागतो आणि तो त्यावर चढून बसतो. पुन्हा सोडलं की जरा लवकर सापडतो. काही दिवसांनी टाकीत कुठूनही सोडा, गडी सरळ रेषेत चौथरा गाठतो. चौथरा तर दिसत नाही, वासही नाही. म्हणजे खोलीतल्या खिडक्या, दिवे, भिंतींवरची चित्रं यांच्या संदर्भाने त्याने जागा लक्षात ठेवलेली असते. यालाच म्हणायचं जागेची स्मृती.

हे काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. समुद्रघोड्यासारखा आकार, म्हणून ते नाव. तिथल्या काही पेशी प्राणी एका ठराविक जागी आला की उद्दीपित होतात, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये दाखवलं. पुढे माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्याच भागात नकाशाच्या चौकटीसारखं काम करणाऱ्या पेशी सापडल्या आणि २०१४ चं नोबेल तिघांना मिळून गेलं. परीक्षेला येतं हे, म्हणून सांगून ठेवलं.

आता हार्मोन. १९९० मध्ये अमेरिकेत क्रिस्टिना विल्यम्स, ॲलिसन बार्नेट आणि वॉरन मेक यांनी उंदरांना बारा वाटा असलेल्या भूलभुलैयात सोडलं. मधोमध चौक आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर जाणाऱ्या बारा वाटा. काही वाटांच्या टोकाला खाऊ ठेवलेला. नर लवकर शिकले. इथपर्यंत ऐकून ग्रुपवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. त्यांनी खोलीत बदल करायला सुरुवात केली. कधी खोलीतल्या वस्तू हलवल्या, कधी खोलीचा आकारच लपवला. तेव्हा कळलं, की नर मुख्यतः खोलीच्या आकारावर चालले होते, भिंती कुठे, कोपरा कुठे यावर. आकार बिघडवला की त्यांची गाडी बिघडायची. वस्तू हलवल्या तर त्यांना फरक पडत नव्हता. माद्या दोन्ही वापरत होत्या, खोलीचा आकारही आणि खुणाही.

म्हणजे भाऊ पश्चिमेवर चालतो, आणि बहीण साळवी स्टॉप, मारुती मंदिर, जयस्तंभ, शिवाय वर समुद्रही! तिला शिकायला वेळ लागतो, कारण ती जास्त गोष्टी गोळा करते. पण उद्या दाट धुकं पडलं किंवा सूर्य ढगाआड गेला तर कुणाची अडचण जास्त, हे तुम्हीच ठरवा.

या प्रयोगाचा खरा धक्का मात्र पुढे आहे. ज्या नर पिल्लांची वृषणं जन्मल्या जन्मल्या काढली होती, ती मोठी झाल्यावर माद्यांसारखी वागली, खुणा वापरणारी. आणि ज्या मादी पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत हार्मोन दिलं होतं, त्या मोठेपणी नरांसारख्या वागल्या. कुठलं हार्मोन दिलं होतं? टेस्टोस्टेरॉन? नाही. इस्ट्रॅडिओल. म्हणजे इस्ट्रोजेन, ज्याला आपण सरसकट ‘बायकांचं हार्मोन’ म्हणतो ते!

हे असं का? नराच्या वृषणातून निघालेलं टेस्टोस्टेरॉन मेंदूत पोचतं आणि तिथे ॲरोमटेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं इस्ट्रोजेन करतं. उंदराच्या मेंदूला ‘नर’ बनवण्याचं बरंचसं काम हे इस्ट्रोजेनच करतं. मग आईच्या पोटात इस्ट्रोजेन असताना सगळीच मादी पिल्लं नरासारखी का होत नाहीत? तर उंदराच्या पिल्लांच्या रक्तात त्या वयात एक प्रथिन असतं, ते बाहेरून आलेलं इस्ट्रोजेन पकडून ठेवतं, मेंदूपर्यंत जाऊ देत नाही. निसर्गाची ही व्यवस्था मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचावी लागली. ‘पुरुषी हार्मोन’ आणि ‘बायकी हार्मोन’ ही नावं आपण किती बिनधास्त वापरतो!

माजाचं चक्र आणि मेंदूतली पालवी

हे झालं लहानपणी कायमचं घडून जाणारं. पण हार्मोन मोठेपणीही काम करत असतात, रोजच्या रोज.

गाय माजावर येते हे गावाकडच्या मुलांना सांगायला नको. उंदराच्या मादीचंही माजाचं चक्र असतं, पण ते फक्त चार-पाच दिवसांचं. एवढ्या थोड्या दिवसांत तिच्या रक्तातलं इस्ट्रोजेन चढतं आणि उतरतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन यांच्या प्रयोगशाळेत कॅथरिन वुली आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये या माद्यांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. चेतापेशीच्या फांद्यांवर बारीक काट्यांसारखी टोकं असतात, दुसऱ्या पेशींचे निरोप तिथे उतरतात. इस्ट्रोजेन चढलेलं असताना ही टोकं जास्त, उतरल्यावर कमी. फरक सुमारे तीस टक्के. आणि तोही जवळपास एका दिवसात!

मोठ्या झालेल्या मेंदूची रचना बदलत नाही, असं तेव्हा अनेक जण मानत. इथे तर दर आठवड्याला पालवी फुटत होती आणि गळत होती.

मग पहिला अंदाज साहजिक होता : इस्ट्रोजेन चढलं की स्मरणशक्ती चांगली, उतरलं की वाईट. इतकं सोपं असतं तर हा लेख इथेच संपला असता. १९९७ मध्ये वॉरन आणि जॅनिस युरास्का यांनी माद्यांना मॉरिसच्या टाकीत सोडलं आणि निकाल उलटा आला. लपवलेला चौथरा खोलीच्या संदर्भाने शोधायचा असेल तेव्हा इस्ट्रोजेन उतरलेल्या माद्या सरस. चौथरा वर दिसत असेल, त्याच्याकडे सरळ पोहत जायचं असेल तेव्हा इस्ट्रोजेन चढलेल्या सरस. पाण्यात पोहण्याचा ताण हेही त्याचं एक कारण मानलं जातं, कारण ताणाची हार्मोन आणि लैंगिक हार्मोन मेंदूत एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात.

मला सगळ्यात पटला तो डोना कोरोल आणि सहकाऱ्यांचा २००४ चा प्रयोग. यात पाणी नाही, ताण कमी. अधिक चिन्हासारखा भूलभुलैया. उंदराला दक्षिणेकडून सोडायचं आणि खाऊ समजा पूर्वेला. तो उजवीकडे वळायला शिकतो. पण तो शिकला काय? ‘उजवीकडे वळ’ हे, की ‘खाऊ पूर्वेच्या खिडकीखाली आहे’ हे? दोन्हींचं उत्तर एकच येत असल्यामुळे नुसतं बघून कळत नाही. म्हणून एके दिवशी त्याला उत्तरेकडून सोडायचं. उजवीकडेच वळला, म्हणजे सवयीने चालला. डावीकडे वळून पूर्व गाठली, म्हणजे जागा लक्षात ठेवली. कोरोल यांच्या माद्या इस्ट्रोजेन चढलेलं असताना बहुतेक वेळा जागेवर चालल्या आणि उतरलेलं असताना सवयीवर. शिकण्याचा वेग दोन्ही वेळा साधारण सारखा. बदलली ती पद्धत.

मला वाटतं, या सगळ्या गुंत्याची किल्ली इथे आहे. हार्मोन प्राण्याला हुशार किंवा ढ करत नाही. डोक्यात रस्ता शोधण्याच्या दोन-तीन पद्धती तयार असतात. त्यातली कुठली आज पुढे येणार, याचा कौल तेवढा ते देतं. प्रश्नपत्रिका त्या पद्धतीला धार्जिणी असली की आपण म्हणतो हुशार, नसली की म्हणतो ढ. कॉलेजात वेगळं काय होतं!

आता मुलींनी लगेच कॅलेंडर काढून बसू नये. उंदराचं चार दिवसांचं चक्र आणि माणसाचं महिन्याचं चक्र ही एक गोष्ट नाही. पाळीच्या वेगवेगळ्या दिवसांत स्त्रियांच्या स्मरणशक्तीत, लक्षात किंवा जागेच्या आकलनात ठोस फरक पडतो का, हे शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून २०२५ मध्ये तपासलं गेलं, आणि भरवशाचा असा फरक दिसला नाही. पोट दुखतंय, झोप झालेली नाही, पेपर अवघड आहे, हे सगळं खरं असू शकतं. ‘त्या दिवसांत डोकं चालत नाही’ हे मात्र त्या आकड्यांत सापडलं नाही. हे वाक्य परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी ऐकवलं तर ऐकून घेऊ नका.

ज्याला फिरायचं, त्याला नकाशा

प्रयोगशाळेतून बाहेर येऊ. नर आणि मादी यांच्यात फरक असलाच, तर तो नेहमी नराच्याच बाजूने असतो का?

उत्तर अमेरिकेच्या गवताळ भागात व्होल नावाचा आखूड शेपटीचा, शेतउंदरासारखा प्राणी असतो. त्याच्या एका जातीत नर विणीच्या हंगामात लांबलांबच्या माद्या शोधत हिंडतो, त्याचा परिसर मादीपेक्षा कित्येक पट मोठा. दुसऱ्या जातीत नर-मादी जोडीने राहतात, दोघांचा परिसर सारखाच. स्टीव्हन गॉलिन आणि रँडल फिट्झगेराल्ड यांनी १९८६ मध्ये दोन्ही जातींना भूलभुलैयात घातलं. भटक्या नरांच्या जातीत नर मादीपेक्षा सरस. संसारी जातीत कुणीच कुणापेक्षा सरस नाही. नर तोच, टेस्टोस्टेरॉन तेच, पण फरक गायब!

एका जातीच्या रानउंदरांत तर हा फरकही हंगामी निघाला. विणीच्या काळात, नरांची हार्मोन चढलेली असताना तो दिसतो. एरवी दिसत नाही.

सगळ्यांना हे पटलेलं नाही, हेही सांगायला हवं. २०१२ मध्ये काही अभ्यासकांनी अकरा जातींची आकडेवारी एकत्र मांडून म्हटलं, की भटकंती आणि जागेची स्मृती यांचं नातं वाटतं तेवढं घट्ट नाही. नरांचं सरस असणं हा टेस्टोस्टेरॉनचा एक जोडपरिणाम असू शकतो, पुरुषांना दाढी येते तसा. वाद चालू आहे. पण मग पक्ष्यांचं काय करायचं?

काउबर्ड हा अमेरिकेतला पक्षी. घरटं बांधायचं नाही, दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालून मोकळं व्हायचं. आपल्या कोकिळेसारखंच. हे काम मादीचं. कुणाचं घरटं कुठे आहे, त्यात अंडी पडायला सुरुवात झाली का, मालक कधी उठून जातो, हे सगळं तिला लक्षात ठेवावं लागतं आणि नेमक्या वेळी परत यावं लागतं. १९९३ मध्ये डेव्हिड शेरी आणि सहकाऱ्यांनी मोजलं, तर काउबर्डच्या मादीचा हिप्पोकॅम्पस नरापेक्षा मोठा निघाला. घरटं स्वतः बांधणाऱ्या नातलग पक्ष्यांत असा फरक नाही. पुढे २०१४ मध्ये त्याच गटाने परीक्षाही घेतली. बऱ्याच वाट्यांपैकी एकीत खाऊ, चोवीस तासांनी आठवून दाखव. माद्या नरांपेक्षा सरस ठरल्या.

मांजर, कुत्रा, माणूस, कुणाचंही उदाहरण देऊन ‘नरच भारी’ म्हणणाऱ्यांसमोर हा एक पक्षी पुरेसा आहे.

आणि आई झालेली मादी? उंदरांच्या माद्यांवर क्रेग किन्सली आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पिल्लं वाढवलेल्या माद्या खाऊची जागा लक्षात ठेवण्यात पिल्लं न झालेल्या माद्यांपेक्षा पुढे होत्या. गरोदरपणात हार्मोनचा जो पूर येऊन जातो तो आणि पिल्लांचा सहवास, दोन्हींचा त्यात वाटा आहे. बाळंतपणात बाई विसराळू होते असं आपण म्हणतो. उंदरीण बिळात दहा तोंडं ठेवून बाहेर पडते, तिला विसरून चालणार कसं?

आपल्या वाळूतली एक गोष्ट

ॲरोमटेज हे नाव मघाशी आलं होतं, ते आता आपल्या किनाऱ्यावर भेटेल. वेळास, आंजर्ले, गुहागर इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये घरटी राखायला सुरुवात केली, तेव्हापासून ही गोष्ट घराघरांत पोचली आहे. या कासवाच्या पिल्लाचं नर-मादी असणं गुणसूत्रांवर ठरत नाही, वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९-३० अंश सेल्सिअस ही मधली रेघ. त्यापेक्षा वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. उष्णतेचा निरोप अंड्यातल्या गर्भापर्यंत पोचतो तो बराचसा ॲरोमटेज आणि इस्ट्रोजेनच्या वाटेने. कासवांच्या कित्येक जातींत थंड ठेवलेल्या अंड्यांना बाहेरून इस्ट्रोजेन दिलं तर त्यातूनही माद्या निघतात. उंदराच्या मेंदूत नर घडवणारं रसायन, कासवाच्या अंड्यात मादी घडवतं!

पुढे ती मादी मोठी होते आणि अंडी घालायला समुद्रातून किनारा शोधत येते. समुद्री कासवं आपल्या किनाऱ्याची चुंबकीय खूण लक्षात ठेवतात, याला फ्लोरिडातल्या लॉगरहेड कासवांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून २०१५ मध्ये भक्कम आधार मिळाला. त्या प्रवासाला निघण्याआधी मादीच्या रक्तातलं इस्ट्रोजेन चढू लागतं, अंड्यातला बलक त्याच्या सांगण्यावरून तयार होतो. म्हणजे नकाशा आठवणीत आहे, पण ‘आता नीघ’ हे सांगण्यात हार्मोनचा हात आहे.

२०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवले गेले, पहिली होती वेळासची ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. आणि जानेवारी २०२५ मध्ये तर गुहागरच्या वाळूत एक मादी अंडी घालायला आली, तिच्या परावर ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी होती. ती पट्टी तिला २०२१ मध्ये ओडिशात बसवलेली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर. मादी कायम एकाच किनाऱ्याला परत येते, हे आपण पाठ केलेलं वाक्य तिने वाचलेलं नव्हतं. ती रस्ता चुकली, की तिला दोन रस्ते माहीत होते? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. भाट्याच्या पुलावर पोचलेल्या मुलीचं ते झुकणारच म्हणा.

नरांवर लिहिलेलं पुस्तक

हे सगळं वाचताना एक गोष्ट मला सारखी खटकत होती. माद्यांवरचे प्रयोग इतके कमी का? २०११ मध्ये ॲनालिस बीरी आणि अर्विंग झुकर यांनी प्राण्यांवरच्या संशोधनाचे निबंध मोजले. मेंदूविज्ञानात एकाच लिंगाच्या प्राण्यांवर केलेल्या अभ्यासांत, माद्यांवरचा एक असेल तर नरांवरचे साडेपाच होते. कारण काय दिलं जायचं? माद्यांची हार्मोन चढउतार करतात, त्यामुळे निकाल विस्कळीत येतात. २०१४ मध्ये झुकर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरचे २९३ निबंध घेऊन हेही तपासलं. माद्यांचे निकाल नरांपेक्षा जास्त विस्कळीत नव्हते. उलट एका पिंजऱ्यात चार नर ठेवले की दादागिरी सुरू होते आणि कोण वरचढ, कोण दबलेला यावरून त्यांचं टेस्टोस्टेरॉनच वेगवेगळं होतं! अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून अनुदान मागणाऱ्यांना नर-मादी दोन्हींचा विचार करायला लावला. त्याआधीची कित्येक वर्षं ‘उंदराचा मेंदू असा चालतो’ असं आपण शिकलो, त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘नर उंदराचा’ असा होता.

यात कुणाचं काय जातं? २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा स्त्रियांसाठीचा डोस निम्मा करायला सांगितला. तेच औषध स्त्रियांच्या शरीरातून हळू उतरतं, सकाळी गाडी चालवताना ते रक्तात शिल्लक असायचं. तोवर वीस वर्षं दोघांनाही एकच डोस चालू होता.

आणि माणसांच्या रस्त्याचं म्हणाल, तर त्यावरही अभ्यास आहे, तो मला सगळ्यात जास्त जवळचा वाटला. ‘सी हीरो क्वेस्ट’ नावाचा एक मोबाइल गेम होता, होडी चालवत रस्ता लक्षात ठेवायचा. जगभरातून लाखो लोकांनी तो खेळला. २०१८ मध्ये ५७ देशांतल्या साडेपाच लाखांहून जास्त लोकांचे निकाल मांडले, तेव्हा सरासरीत पुरुष पुढे होते, हे खरंच. पण किती पुढे, ते देशागणिक बदलत होतं. जिथे स्त्री-पुरुष समानता जास्त तिथे अंतर कमी, जिथे विषमता जास्त तिथे अंतर मोठं. हार्मोन तर सगळ्या देशांत तीच.

याच गेमवरून २०२२ मध्ये आणखी एक गोष्ट निघाली, ती कोकणातल्या मुलांसाठी. शहराबाहेर वाढलेली माणसं सरासरीत रस्ता शोधण्यात सरस. पाखाडीवरून, बागेतून, व्हाळ ओलांडून शाळेत गेलेल्यांनी हे कात्रण जपून ठेवायला हरकत नाही.

मला व्होल आठवला. ज्याला फिरायला मिळतं, त्याला नकाशा येतो. माझ्या वर्गातला मुलगा बारावीपर्यंत बाइकवर लांज्यापासून गणपतीपुळ्यापर्यंत हिंडला होता. मी बारावीपर्यंत सात वाजता घरात होते, आणि कुठे जायचं तर कुणाच्या तरी मागे बसून. मागच्या सीटवरून रस्ता दिसतो, शिकता येत नाही. स्कूटी हातात येऊन तेव्हा मला नऊ दिवस झाले होते.

तर ग्रुपवरच्या त्या मित्राला मी काय उत्तर दिलं? काही नाही. गेल्या मे महिन्यात तो आमच्या आवारात आला होता. आंब्यावर कावळ्याचं घरटं होतं आणि ‘कुहू कुहू’ जोरात चाललं होतं. तो म्हणाला, ‘‘ऐक, कोकिळा काय गातेय!’’ मी म्हटलं, ‘‘तो नर आहे रे. काळाभोर, लाल डोळ्यांचा. गाणारा तोच असतो.’’ कावळे चिडून त्याच्या मागे लागले होते. ‘‘मग ती कुठाय?’’ त्याने विचारलं.

ती शेजारच्या फणसात बसली होती. तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, तोंडातून चकार शब्द नाही. तिला घरट्याकडे बघत बसलेलं मी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा पाहत होते.